डावा पाय

उणे एकोणीस. शेडच्या पत्र्याला आतून हिम धरलंय.
हीटर घसा खाकरतो,
आणि मी पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली.
वर आकाश नाही. गिअरबॉक्स आहे.

खोड टाइगची. माझा भाऊ.
‘पुरे’ हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नाही.
मोठे इंजेक्टर, मोठा टर्बो,
मांडीवर लॅपटॉप घेऊन रात्र रात्र
इंजिनाच्या कानाशी कुजबुज.
मग एका सकाळी चावी खिळ्याला लटकवून
तेलविहिरींवर निघून गेला, नॉर्थ डकोटात.
ताकद मागे ठेवली.
ती चाकांपर्यंत न्यायची कुणी, ते नाही ठरवलं.

सप्टेंबरात बाबांनी ट्रेलरमध्ये अकरा वासरं भरली,
टेकडीचा चढ घेतला,
तर इंजिन बोंबललं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी.
काटा वर, वेग खाली,
मग तो वास. केस जळल्यासारखा.
तीन धुण्यांनंतरही कोटात राहिलेला.
‘जुनं झालंय,’ बाबा म्हणाले.
कोण, ते मी विचारलं नाही.

सगळ्यात वरचा बोल्ट कुठल्याच पान्याला दिसत नाही.
दोन एक्स्टेन्शन, एक सांधा, तासभर चाचपणं.
बाबा दिवा धरतात.
दिवा धरणं ही कला आहे आणि ती त्यांना येत नाही.
उजेड नेहमी त्यांना बघायचंय तिथे.

फ्लायव्हील उतरलं.
कडेनं निळे डाग, उष्णतेनं गोंदलेले.
दोन तबकड्या, मध्ये स्प्रिंगा :
इंजिनाचे धक्के एवढी वर्षं याच गिळत होत्या.
हातानं हलवलं तर खुळखुळा.
बाबांनी ते बराच वेळ मांडीवर धरून ठेवलं,
मग भंगाराच्या ढिगात न टाकता भिंतीला टेकवून ठेवलं.

नवं एकसंध पोलाद. ते काही गिळत नाही.
वेंडेलनं आधीच बजावलं होतं :
न्यूट्रलला गिअरबॉक्स बडबडेल, घाबरू नका.
आणि पहिले पाचशे मैल ओझं नको.

दोन प्लेटांचा क्लच, समोरासमोरचे बोल्ट
थोडे थोडे आवळत, टॉर्क पान्याची ‘कट्’ मोजत.
मग गिअरबॉक्स वर. शेवटचा इंच जाईना.
मी शिव्या दिल्या. नॉर्वेजियनमधल्या दोन येतात, त्याही.
‘थांब,’ म्हणाले बाबा,
मागून हात घालून शाफ्ट नुसता वळवला,
रेडिओवर स्टेशन शोधावं तेवढाच.
सुळकन आत.

गाडी त्यांची, म्हणून पहिले तेच बसले.
पॅडल अर्ध्यावर थांबलं.
पुन्हा. आता दोन्ही हात मांडीवर, मांडीचं वजन पॅडलवर.
गुडघ्यावर एकदा गवताचा गठ्ठा पडला होता,
तो गुडघा आता म्हणाला, नाही.
तिसऱ्यांदा मी थर्मामीटरकडे बघत होते.
उणे एकोणीसच.

ते खाली उतरले नाहीत.
गिअरच्या दांड्यावरून, सत्तरीतला माणूस,
एक एक पाय उचलत पलीकडे सरकले.
थर्मास हलवला. ‘चल.’
त्या बाजूचा पट्टा त्यांना सापडेना.
कधी लावलाच नव्हता.

रिकामी गाडी, तोच चढ.
धरतोय. पायाखाली घट्ट, थेट,
जणू रस्ता आणि इंजिन यांच्यात कुणी मध्यस्थच नाही.
माथ्यावर मी न्यूट्रल केलं
आणि खडखड सुरू झाली, डब्यात खिळे हलवल्यासारखी.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
‘बोलू दे त्याला,’ ते खिडकीला म्हणाले.

खाली बर्फातलं गव्हाचं रान, दूर धान्याचं एलेव्हेटर.
उतारावर दुसरा, तिसरा, चौथा.
आणि दर गिअरला त्यांचा डावा पाय
रिकाम्या मॅटवर दाबला जातो,
माझ्यापेक्षा अर्धा क्षण आधी.