कार्पेट एरिया

गाला एजंट म्हणाला, सकाळी दहाला या.
दहालाच का, ते सह्या झाल्यावर कळलं :
दुपारनंतर वारा फिरतो
आणि कांजूरच्या डम्पिंगचा वास
कन्नमवार नगरच्या खिडक्यांतून
हक्काने आत येतो.
करारनाम्यात त्याचा उल्लेख नाही.

तिसरा मजला. लिफ्ट नाही.
दोनशे अठ्ठ्याऐंशी फूट कार्पेट.
सत्तावीस वर्षं पाणीखात्यात
शहराच्या गळतीचे तक्ते भरले मी,
आणि आयुष्यातली पहिली गुंतवणूक केली
ती नेमकी गळक्या मोरीत.
भाऊ म्हणाला, एफडी काय वाईट होती?
एफडीला दार नसतं, मी म्हणाले.
उगाच म्हणाले. दाराला तेव्हा धड कडीही नव्हती.

बँकेचा माणूस सतरा मिनिटं होता.
लेझरचा लाल ठिपका भिंतीवरून फिरला
तसं शेजारचं मांजर धावत आलं, ठिपक्यावर झडप घालू लागलं.
त्याने लिहिलं, इमारतीचं उरलेलं आयुष्य : बावीस वर्षं.
माझं वेगळ्या रकान्यात होतं,
निवृत्तीला नऊ.
म्हणून एकशे आठ हप्ते, एकेक अठ्ठावीस हजारांचा.
भाडं येईल सतरा, हे गालाचं गणित.
मधली फट मी भरायची,
आणि ती व्हाइट सिमेंटने भरत नाही.

मोरी फोडली बुधन महतोने, गिरिडीहच्या.
एकाखाली एक तीन फरशा निघाल्या :
गुलाबी, तिच्याखाली पांढरी, तिच्याखाली ठिपक्यांची.
प्रत्येकाने गळती झाकली,
काढली कुणीच नाही.
खालच्या कुबलबाईंच्या छतावर
तिचा नकाशा उमटला होता, पोपडे धरून.
डेब्रिजची गोणी तीस रुपये, जिन्यामागे दहा वेगळे.
दोन ते चार ठोकाठोक बंद, सेक्रेटरीची सही.
रात्री कामगार ठेवायचे नाहीत, तीच सही.
हे शेवटचं मी वाचलं नाही असं ठरवलं.

एका बुधवारी ऑफिसातून थेट गेले,
टाइल्सची खोकी मोजायला.
दार लोटलेलं. आत बुधनचा आवाज,
आणि फोनमधून एका बाईचा, पोरांचा, कोंबड्याचा.
'ई देख, खिड़की. ई देख, रसोई.'
ओट्याच्या जागी नुसत्या विटा होत्या.
'पानी? चौबीस घंटा.'
आमच्या खात्याचं वेळापत्रक मला पाठ आहे :
पहाटे चार चाळीस ते सहा.
बाईने विचारलं, भाडं किती पडतं?
तो हसला. बराच वेळ हसला.
मग फोन गप्प झाला, म्हणजे बहुतेक
तो तिला नुसतंच घर दाखवत होता,
कोपरा कोपरा,
दोनशे अठ्ठ्याऐंशी फूट.

किल्ली माझ्या मुठीत होती.
मी एक मजला खाली उतरले,
कुबलबाईंच्या चपलांच्या रॅकपाशी उभी राहिले
आणि दहा मिनिटांनी
चपला आपटत वर आले.
अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.
'चौदह बक्सा है, मैडम.'
मी मोजली. चौदाच होती.

आता भाडेकरू आलेत. अकरा महिन्यांचा करार,
भिंतीला खिळा मारायचा नाही, कलम नऊ.
नवी मुलगी ओट्यावरून हात फिरवत म्हणाली,
पाणी कधी येतं, काकू?
चोवीस तास,
माझ्या तोंडून निघून गेलं.
मग सावरलं : म्हणजे, वर टाकी आहे. पाचशे लिटरची.
चार वाजले होते. उठून मी खिडकी लावली.

उतरताना कुबलबाईंची बेल वाजवली.
त्यांनी न बोलता स्टूल पुढे केलं.
मी चढले, छताला तळवा टेकवला.
कोरडं.
अजून तरी.