होल्डवर

सोहार. दुपार. बँकेने होल्डवर ठेवलेलं.
कानात तीच ती पिपाणी,
हातात बॉलपेन,
समोर लाँड्रीच्या बिलाची कोरी बाजू.

मी काही काढत नव्हतो.
रेघ आपली निघाली.
बादलीत एसीचा थेंब पडला की थबकायची,
पुन्हा चालायची.
तिला वळण हवं होतं, दिलं.
वाटलं, खाडी होणार.
मग वाटलं, खजुराची झावळी.
शाई अडखळली तिथे टाच उमटली.

चपला होत्या त्या.
आमच्या दाराशी लागतात तशा, ओळीने:
माझ्या, शिबूच्या,
बलबीरच्या, तुटक्या अंगठ्याच्या.
चौथ्या जागी हाताने
नुसता फरशीचा चौकोन ठेवला
आणि तोच गिरवत राहिला,
कागद फाटेपर्यंत.

तेव्हा कुठे मान वर केली.
मुकादमचाचांची खाट आवरलेली.
खाली दोरी आवळलेलं खोकं,
त्यावर दाभोळचा पत्ता, मार्करने, ठसठशीत.
आठवडाभर तिथेच होतं.
रोज त्याला वळसा घालून
मी झाडू मारला होता.

“हॅलो, सर? लाइनवर आहात ना?”

आहे, म्हणालो.
पेन अजून फाटक्या जागीच होतं.