बंगला नंबर अकरा, पूर्वेकडून

रविवारी सकाळी सातला कॅम्पातले रस्ते
कुणाच्याच मालकीचे नसतात.
सदर बझारची शटरं खाली,
पाववाला तेवढा सायकलचा भोंगा वाजवत
चर्चच्या कोपऱ्यावरून वळतो
आणि माझ्या चौकटीतून निघून जातो.

मला एकतीस घरं दिली आहेत.
समोरून एक, बाजूंनी दोन, मागून जमल्यास.
फॉर्मवर शेवटचा रकाना : स्थिती.
तिथं तीनच शब्द चालतात,
बरी, वाईट, नाही.

'नाही' लिहायला सगळ्यात कमी वेळ लागतो.
चारच्या जागी पार्किंगचा उतार.
सहाच्या जागी कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.
सातचे दोन दगडी खांब, मध्ये लोखंडी फाटक,
फाटकाला कुलूप,
मागं नुसतं कमरेएवढं गवत.

उरलेल्यांवर तारा.
कुठंही उभा राहिलो तरी एखादी केबल
छपराखालच्या लाकडी झालरीचा गळा कापत जातेच.
तिपाई सरकवतो, वाकतो, एक पाय गटाराच्या काठावर.
मागं अजिंक्यतारा आला तर येऊ देतो,
नाहीतर कुठल्याही गावाचे फोटो म्हणून खपतील.
तौफिक प्रत्येक भिंतीला पाठ लावून उभा राहतो,
उंचीचा अंदाज यावा म्हणून.
पाच फूट चार इंच.
आख्खा कॅम्प आता त्याच्या मापात मोजला जाईल
आणि त्याला त्याचं काहीच नाही,
तो च्युइंगगम चघळतोय.

नऊ नंबरातून बनियनवरच एक गृहस्थ आले.
"नगरपालिकेचे?"
नाही.
"मग बिल्डरचे."
नाही हो.
"आधी फोटोवाला येतो," ते म्हणाले,
"मग मोजणीवाला.
मग कोणी काही विचारत नाही."

मी लेन्स पुसत राहिलो.
चार नंबरचा फोटो दोन वर्षांपूर्वी मीच काढला होता,
डिसेंबरातलं तिरपं ऊन, प्रत्येक कौल वेगळं दिसत होतं.
तोच पुढं फ्लॅटच्या जाहिरातीत छापून आला,
खाली सोनेरी अक्षरांत : वारशाच्या सावलीत.
पैसे वेळेवर मिळाले होते.

अकराच्या व्हरांड्यात दोरीवर चादरी.
राहू द्या, म्हणालो, छान दिसतात.
"तुम्हाला दिसत असतील," सिस्टर भिंगारदिवे म्हणाल्या
आणि चिमटे तोंडात धरून एकेक चादर उतरवली,
चौघडी घातली, कड्याला कडा,
वॉर्डातल्यासारखी.

मग विचारलं, "दारावरची ती काच दिसते का तिथून?"
काळी दिसते.
"रंगीत आहे."
बाहेरून सगळ्याच काळ्या दिसतात, बाई.
"मग आत या. अजून चार मिनिटं आहेत."

आत शहाबादी फरशी, एक खाट, स्टूलावर बीपीचं यंत्र.
आठ दहाला खरोखरच
दाराच्या माथ्यावरून एक तांबडा तुकडा खाली उतरला,
त्याच्यामागून हिरवा, थोडा लंगडत,
काच एका ठिकाणी बदललेली असावी.
त्या स्लिपरांसकट त्यात जाऊन उभ्या राहिल्या.
"ड्युटीला निघताना इथं थांबायचे.
तांबडा घोट्यावर आला की समजायचं,
मेट्रन आता ओरडणार."

पुढं स्वतःच मेट्रन झाल्या,
तरी घड्याळ घेतलं नाही.

फॉर्मात आतलं काही मागितलेलं नाही.
तरी एक काढला : दोन पाय, फरशी, रंग.
त्यांना मात्र बाहेरचा बघायचा होता.
स्क्रीन हातात घेऊन, लांब धरून, परत जवळ आणून,
बराच वेळ बघितला.
"हे असं दिसतं होय रस्त्यावरून?
चव्वेचाळीस वर्षं भाडं भरतेय,
समोर जाऊन उभी राहिलेच नाही कधी."
आणि मग, "दाराला रंग काढायला पाहिजे."

फाटकाबाहेर तौफिकनं फॉर्म पुढं केला.
स्थिती?
राहू दे, म्हटलं.
बाराला चल, ऊन चढतंय.