मंजूर रजा

व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं
तेव्हा कुंभोजकर साहेबांनी रजेवर सही केलेली होती.
रजा परत करता येते.
मी केली नाही.

त्या गुरुवारचं पान वहीत लिहून तयार होतं :
आठ सोळा, व्हिएन्ना. नऊ बावीस, ब्रातिस्लाव्हा.
तासाभरात दुसरा देश, खाली लाल रेघ.
दुपारी परत. राजवाडा. तळ्याकाठी बसणे.

मी मिरज पॅसेंजर पकडली.
तासाभरात सांगली जिल्हा लागतो,
आणि आमच्याकडं तो परदेशातच धरतात.

वळिवडं मागं पडलं. वहीत होतं,
पूल येईल, डॅन्यूब, डावी खिडकी.
मी डावीकडंच बसले होते.
पंचगंगा आली, जलपर्णीनं हिरवीगार,
कडेला एकजण म्हैस धूत होता, त्यानं हात वर केला.
मला नव्हे, कुणातरी गार्डला.
तरी मीही केला.

मिरजेत सतारमेकर गल्ली.
आढ्याला भोपळे टांगलेले, खाली एक म्हातारा
खुंटी पिळत, कान लावत, पुन्हा पिळत.
तार लागेपर्यंत थांबायचं ठरवलं.
लागली की नाही ते कळलं नाही,
गाडीची वेळ झाली.

कोल्हापूर.
रूळ इथंच संपतात, गाडीला पुढं गावच नाही,
म्हणून इथं सगळेच मुक्कामाला आल्यासारखे उतरतात.
माझ्या पाठीला सॅक, डोळ्यांवर भाचीचा गॉगल.
रिक्षावाला म्हणाला, "किधर जाना है, मॅडम?"

एक्कावन्न वर्षं काढली मी या गावात.
लुगड्यातल्या आईच्या मागं, मग सायकलवर, मग लुनावर,
एकदा रुग्णवाहिकेत.
आणि आज गाव मला हिंदीत विचारत होतं.
"न्यू पॅलेस," मी म्हटलं, जमेल तेवढं परकं.

त्यानं बिंदू चौकातून नेलं. सीपीआरवरून फिरवलं.
बोट करून म्हणाला, "ये बहुत पुराना है."
मी म्हटलं, "अच्छा?"
आणि खरंच बघितलं. वरच्या मजल्यावर
लाकडी कठडा आहे. कधीचा आहे कोण जाणे.
एकशे ऐंशी झाले. होतात ऐंशी.
सुट्टे नको म्हटलं.

राजवाड्यात पेंढा भरलेला वाघ.
चौथीच्या सहलीत याच्यापुढं मी रडले होते,
आता त्याच्या पोटाची शिवण दिसली,
टाके माझ्यापेक्षा बरे होते.
पहारेकऱ्यानं विचारलं, कुठून आलात?
"मिरजेहून."
खोटं नव्हतं.

रंकाळ्यावर ऊन उतरलं तेव्हा
पाय दुखत होते, मीठ लावलेलं कणीस हातात,
आणि दिवसभरात माझा एकही फोटो नव्हता.
कॉलेजातल्या एका पोराला मोबाइल दिला.
त्यानं काढला, मग मोबाइल खाली घेऊन निरखलं.
"काकी, तुम्ही बँकेतल्या न्हवं? दोन नंबर काउंटर?"
"न्हवं," मी म्हटलं.
न्हवं म्हणून गेले आणि जीभ चावली.
तो हसला. "लई सेम दिसता."

फोटोत त्याचं बोट आलंय कोपऱ्यात.
पाणी तिरकं. मागं दिवे लागलेले,
कुठल्याही गावाचे असावेत असे.

शुक्रवारी, दोन नंबर काउंटर.
साडेअकराला काचेखालून पासबुक सरकलं,
शिकलगार, बाबालाल हुसेन, रिक्षाव्यवसाय.
नोटा घडी उलगडून मोजल्या,
दोनदा मोजायची सवय आहे.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, रोज पाहतो तसं, म्हणजे काचेकडं,
आणि मराठीत विचारलं,
"सही कुठं करायची, मॅडम?"

इथं, मी म्हटलं.
आणि बोट ठेवलं.