चाळिशी

निइगाताला बर्फ लागलं की दुकानात कुणी फिरकत नाही.
त्या दिवशी कामाताबाई आल्या, छत्री झटकत,
काखेत गाठोडं. सोडलं, तर आत
दातांसारखा पिवळा पडलेला खेळाचा डबा.
मुलानं भिंतभर टीव्ही घेऊन दिलाय, म्हणाल्या,
त्यावर हा भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा दिसतो.

मी म्हटलं, दोष तसा कुणाचाच नाही.
हा बिचारा दोनशे चाळीस ओळी पाठवतो
सेकंदाला साठदा, इमानेइतबारे.
नव्या पडद्याला वाटतं, चित्र अर्धंच आलं,
उरलेल्या अर्ध्याची वाट बघत बसतो,
नव्हतं ते पदरचं घालतो,
वर ओढून ताणून आडवं करतो.
चंद्राचं अंडं होतं.
आणि उडीचं बटण दाबलं
की आपण दरीत पडल्यावर गडी उडी मारतो.

‘म्हणजे म्हातारपण.’
‘छे, चाळिशी. चष्मा देऊ याला.’

झाकण काढलं. कपॅसिटर पाझरलेले,
शिळ्या मासळीचा वास खोलीभर.
बाईंनी नाक मुरडलं नाही. बंदरावरच वाढले, म्हणाल्या.
मी जुने उपटले, नवे डकवले,
मग लाल, हिरवा, निळा,
इतकी वर्षं एका पिवळ्या वायरीत एकत्र नांदणारे तीन भाऊ,
त्यांच्या वाटण्या करून दिल्या.
ज्याची त्याची वायर, ज्याचं त्याचं दार.
पुढे साबणाच्या वडीएवढी पेटी:
एका ओळीच्या बरोब्बर चार,
साडेचारचा हव्यास नाही,
वर साठ, खाली साठ ओळी काळ्या राहिल्या तर राहू देत.

लावलं.
मला अजूनही त्या क्षणी छाती फुगल्यासारखं होतं.
एकेक ठिपका कोरून काढलेला,
कंदीलवाल्या पोराच्या टोपीवरचं ठिगळसुद्धा.
बाई खेळत खेळत डोंगराशी आल्या
आणि थांबल्या.

‘धबधबा कुठाय?’
‘हा काय.’
‘ही वेळूची चिक आहे.’

खरंच. एक रेघ निळी, एक मोकळी,
एक निळी, एक मोकळी,
वरपासून खालपर्यंत, वाळत घातल्यासारख्या.

मग त्या हळूहळू बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.
क्योतोत, चौथ्या मजल्यावर, सत्ताविसाव्या वर्षी.
मोजके रंग मिळायचे, आरपार दिसणारं पाणी त्यात नव्हतं.
टेबलाशी मुद्दाम रद्दी टीव्ही मागून घेतला होता,
साहेब हसले होते.
पिवळ्या वायरीत रंग एकमेकांवर सांडायचे,
किती सांडतील ते मोजून मी रेघा मारायचे.
‘पाणी मी काढलंच नाही हो.
पाणी वायर काढायची.’

तीस वर्षं मी पुसट दिसलं की पुसत आलोय.
त्या दुपारी धूसरपणाचे आकडे चढवत बसलो:
थोडा, तर चिकच.
जास्त, तर पोराचे किती प्राण उरले ते वाचता येईना.
ओळींमध्ये काळोख भरून पाहिला. नुसताच अंधार पडला.
चहा दोनदा निवला.

शेवटी बाईंनी नाकावरचा चष्मा काढला,
पदार्थाची चव बघावी तसे डोळे बारीक केले,
आणि म्हणाल्या, ‘आत्ता वाहतंय.’

पण रोज चष्मा काढून कोण खेळणार?
मी अडगळीतून पिवळी वायर शोधली,
तिलाही जागा करून दिली, मध्ये एक खटका.
एका बाजूला मी चिठ्ठी चिकटवली: ‘स्वच्छ’.
दुसरीवर त्यांनीच लिहिलं, अक्षर अजून रेखीव: ‘पाणी’.
वाटण्या झालेले भाऊ सणाला एकत्र येतात, तसं काहीसं.

पैसे मोजून देताना त्यांनी घासाघीस केली,
ते बरं वाटलं.

चंद्र मी दोन्हीकडे गोल ठेवलाय.
त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.
तो बहुधा दुसऱ्या कुणी काढला असावा.