बंब

केरूजी दंडगव्हाळानं पत्रा वजनावर आणला
मुंबईहून, दारूखान्यातून,
आगगाडीनं, मग छकड्यातून, गोणपाटात गुंडाळून.
कडेला खिळ्यांच्या भोकांची रांग
आणि कोपऱ्यात एक ठसा, कोंबड्याच्या पायासारखा.
तांबट आळीत असला शिक्का कोणी पाहिला नव्हता.

तय्यबअलीनं एवढंच सांगितलं:
राणीच्या आरमाराचं जहाज, लोखंडी, लढाऊ.
लांबच्या ठाण्यांसाठी बांधलेलं,
जिथं गोदी नाही,
बुडाचं शेवाळ खरवडायला माणूस नाही.
म्हणून लोखंडावर लाकूड, लाकडावर तांबं.
कोळसा संपला तर म्हणून शिडंसुद्धा.
तोफा?
होत्या की.
उडवल्या?
सलामीला.

केरूजीला समुद्र ठाऊक नव्हता.
गंगा ठाऊक होती, चैत्रात घोट्याएवढी
आणि श्रावणात दुतोंड्याच्या गळ्याशी आलेली.
पत्रा भट्टीत धरला तेव्हा ज्योत हिरवी झाली
आणि एक वास सुटला, जो आळीला लावता येईना.
ठकू, त्याची बायको, म्हणाली, खाऱ्या मासळीचा,
आणि नाकाला पदर लावून आत गेली.

मग तो मठारत बसला. किती दिवस, कोण सांगणार.
हातोडीखाली सगळी बंदरं सपाट झाली.

बंब आमच्या मागच्या पडवीत आहे अजून.
भोकं डाख देऊन बुजवलेली. सतरा. मी मोजलीत.
ठसा तोटीच्या वर तसाच;
केरूजीला शुभ वाटला असेल,
किंवा खोडायचा कंटाळा आला असेल.
मी चिंच लावतो, आठवण झाली की.

पोटात निखारे, डोक्यावर धुरांडं,
पाण्यानं तेवढी जागा बदलली:
तेव्हा बाहेर होतं, आता आत.
गोदी नसलेल्या मुलखासाठी निघालेलं जहाज
गोदेच्या काठी लागलं.
याहून लांबचं ठाणं
लंडनच्या कुठल्या साहेबाला सुचलं असतं?

पौषातली सकाळ. थंडीनं नळ आखडलेला.
शेणी, बाभळीचा ढलपा, थोडं रॉकेल.
पाणी तापत आलं की तांबं फुगतं
आणि बंब एकदाच आतून वाजतो:
ठण्.

भाची दचकते. मामा, काय होतं?
काही नाही, म्हणतो,
बादली लाव.