चुंबळ

रविवारी मोंढा बंद असतो.
हर्राशीच्या ओट्यावर सांडलेली तूर
पाखरं आणि आम्ही वाटून घेतो:
त्यांना दाणे, आम्हाला फरशी.

ऐजाज बियाण्याच्या गोडाऊनातून खोके आणतो,
सरकीचे, उसवून सपाट केलेले.
वर छापलेलं कापसाचं बोंड
आमच्या पाठींनी घासून घासून
आता नुसतं पांढरं उरलंय.
"तिकडं बी पुठ्ठ्यावरच शिकलेत सगळे," तो म्हणतो.
तिकडं म्हणजे न्यूयॉर्कात, ब्रॉंक्सला,
जिथं इमारतींमागून इमारती जळत होत्या
आणि विझवायची कुणाला घाई नव्हती.

तिथं एका पोरीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते.
भावानं इमारतीच्या हॉलात तबकड्या लावल्या,
दारात थोडं तिकीट ठेवलं.
त्याला दिसलं,
लोक गाण्यासाठी थांबलेलेच नाहीत;
गाणारा गप्प होतो, नुसता ढोल उरतो,
त्या चार-दोन क्षणांसाठी थांबलेत.
मग तेवढाच तुकडा त्यानं लांबवला,
ही तबकडी, ती तबकडी, पुन्हा ही.

मला पटायला वेळ लागला नाही.
आमच्याकडं वरातीत सनईवाला दम खायला थांबतो,
हलगी एकटी पडते,
तेव्हाच तर नवरदेवसुद्धा
घोड्यावरून खांदे उडवतो.

शाहेदाचं पॉपिंग. तिचा बाप वायरमन.
खांदा, कोपर, मनगट, मग एकेक बोट,
लाईट जाताना वस्ती गल्लीगल्लीनं विझते तशी.

मी लॉकिंगवाला.
गॅदरिंगला पुढची स्टेप विसरलो,
हात हवेत, बोट थेट प्राचार्यांकडं.
हॉल फुटला हसून.
मागाहून कळलं, ही शैलीच म्हणे अशी जन्मली:
लॉस एंजेलिसात एकाला पाऊल जमेना,
तो मधेच अडकला,
आणि हसणाऱ्यांसमोर मुद्दाम अडकत राहिला.
तेव्हापासून मी विसरणं पाठ करतोय.

आणि मुक्तीराम डोक्यावर फिरतो.
त्यासाठीची टोपी जालन्यात मिळत नाही,
म्हणून बापाची चुंबळ आणतो,
जुन्या लुगड्याची, घामानं कडक झालेली.
तीन फेरे. चौथ्याला कलंडतो.

मागच्या रविवारी सखाहरीकाका
चुंबळ हुडकत आला.
अवेळी ट्रक लागला होता, सोयाबीनचा.
आम्ही पुठ्ठे गुंडाळायच्या आत त्यानं पाहिलं:
पोरगं उलटं, पाय पत्र्याकडं,
आणि ज्या चिंधीवर तीस वर्षं क्विंटल पेलले
ती खाली, भुईवर, गरगरत.

शाहेदानं गाणं बंद केलं.
"काहून बंद केलं? चालू दे की."
काका उकिडवा बसला.
त्याच्या टाळूवर चुंबळीएवढं टक्कल.
ऐजाज पुटपुटला,
तिकडं डोक्यावर फिरणाऱ्यांचेही केस
नेमके तिथलेच जातात.

"मधोमध घेतलंस, म्हणून पडायलास.
जरा पुढं घे, केसं सुरू होतेत तिथं.
आन मान आखडू नको.
मान तुझी न्हाई, पोत्याची हाय, असं धर."

पाच. सहा.
सातव्याला आम्ही मोजायचं विसरलो.

मग काकानं चुंबळ उचलली,
दोनदा झटकली, पुठ्ठ्याचा भुगा उडाला,
डोक्यावर ठेवली आणि ट्रककडं गेला.

पाठीमागं गाणं चालूच होतं.
पोतं घेऊन तो फळीवरून उतरताना
फळी वाकते, गुडघा किंचित थांबतो,
मग पुढचं पाऊल.
किती वर्षं हे बघतोय मी.
त्या दिवशी पहिल्यांदा
त्या थांबण्यापाशी
माझ्या तोंडून हळूच निघालं,
"एक."